संगणकाचे अद्ययावतीकरण : वेळ आपली असावी

कनेरगाव नाक्यासारख्या गावी शिक्षक घरच्या संगणकावर निकालपत्रक भरीत असता कधी कधी यंत्र आपण होऊनच बंद होऊन पुन्हा सुरू होते. जतन न केलेले काम जाते आणि मोबाईलवरून घेतलेला दिवसाचा डेटाही संपतो. असे अद्ययावतीकरण कायमचे बंद करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते हितावह नाही.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका उणिवेवर दुरुस्ती दिली. ती न घेतलेल्या संगणकांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ शिरला आणि सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक यंत्रांना त्याची बाधा झाली. त्यांवरील कागदपत्रे जणू कुलूपबंद झाली.

म्हणून अद्ययावतीकरण टाळू नये. त्याची वेळ आपण ठरवावी. विंडोज ११ मध्ये पुढील योजना करावी :

(१) ‘ॲक्टिव्ह अवर्स’ या सदरात आपले कामाचे तास नोंदवावेत. त्या वेळात यंत्र सहसा आपोआप पुन्हा सुरू होत नाही. ही मुदत १८ तासांपर्यंत ठेवता येते.

(२) मोबाईलचे इंटरनेट जोडल्यावर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत.

(३) परीक्षेच्या दिवसांत ‘पॉज अपडेट्स’ने हे काम काही आठवडे पुढे ढकलावे, सुटीच्या दिवशी, वीज खात्रीची असताना, ते पुरे करावे. मध्येच यंत्र बंद करू नये.

विंडोज १० च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अशा संगणकावर अपडेट येत नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये.