संगणकावरील ऊसनोंद : तक्त्यातली ओळ दुरुस्त कशी होते?



ऊसनोंदीचे रजिस्टर वहीत होते तोवर दुरुस्तीची रीत सरळ होती. चुकीच्या आकड्यावर तांबडी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. जुना आकडा दिसायचा, नवा दिसायचा, कोणी बदलला तेही कळायचे. आता तीच नोंद पडद्यावरच्या तक्त्यात होते. तिथे आकडा बदलला की जुन्याचा मागमूस राहीलच असे नाही, आणि बदललेला आकडा खरोखर जतन झाला की नाही हेही नुसते बघून कळत नाही. म्हणून असा तक्ता आतून कसा चालतो, ते या पाठात सांगत आहोत. सभासदांची जी मुले-मुली संगणक शिकत आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही, त्यांनाही आपल्या नोंदीबद्दल काय विचारावे हे समजेल.

पडदा वेगळा, दप्तर वेगळे

पडद्यावर दिसते ती नोंदीची नक्कल. मूळ नोंद सर्व्हर म्हणजे मुख्य संगणकाच्या दप्तरात असते. दोघांमधली देवाणघेवाण एचटीटीपी या पद्धतीने होते. या पद्धतीला मागचे काही आठवत नाही. खिडकीवरचा कारकून दर खेपेला नव्याने नाव विचारतो ना, तसेच हे. म्हणून प्रत्येक वेळी पानाबरोबर मागची खूण पाठवावी लागते.

हे काम सोपे व्हावे म्हणून मायक्रोसॉफ्टने २००२ साली एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स आणले आणि २००५ च्या आवृत्तीत ग्रिडव्ह्यू हा तयार तक्ता दिला. मागची खूण पानातच लपवून पाठवण्याची सोय त्यात आहे; तिला व्ह्यूस्टेट म्हणतात. ओळीपुढचे ‘दुरुस्ती’ बटण दाबले की तेवढ्याच ओळीत लिहिण्याचे चौकोन उघडतात. ‘जतन’ दाबले की आकडे सर्व्हरकडे जातात. ‘रद्द’ दाबले की ओळ होती तशी. पुढे आलेल्या कोअर आवृत्तीत वेब फॉर्म्स घेतलेले नाहीत, तरी जुन्या फ्रेमवर्कवर ते आजही चालतात. साधन कोणतेही घ्या, पुढचे पाच नियम सुटत नाहीत.

१) पान पहिल्यांदा उघडतानाच तक्ता भरावा. ‘जतन’ दाबल्यावर सर्व्हर आधी पान नव्याने उभे करतो आणि मग बटणाचे काम करतो. पान उभे करताना दर वेळी दप्तरातून तक्ता भरला, तर कारकुनाने आत्ताच लिहिलेला आकडा पुसला जातो आणि जुनाच पुन्हा जतन होतो. नवशिक्यांची ही नेहमीची फसगत. उपाय सोपा आहे : पान पहिल्यांदाच आले आहे की बटण दाबून परत आले आहे, हे ‘इज पोस्टबॅक’ या खुणेवरून तपासावे. परत आले असेल तर तक्ता पुन्हा भरू नये.

२) ओळ ओळखावी ती नोंद क्रमांकाने. पडद्यावरची पाचवी ओळ नेहमी पाचवीच राहत नाही. मध्ये एक नवी नोंद आली की ती सहावी होते, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या नावावर बसते. सातबाऱ्यावरचा गट नंबरही पुरत नाही. एकाच गटात तीन भावांचा ऊस असतो. नावाचे तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक हवा, आणि दुरुस्ती त्याच क्रमांकावर व्हावी.

३) तपासणी सर्व्हरवरही व्हावी. पडद्यावरची तपासणी चटकन चूक दाखवते, पण ती टाळता येते. समजा, ०.८० हेक्टर म्हणजे ८० आर, साधारण दोन एकर ऊस आहे. टिंब सरकून ८.०० झाले की त्याचे वीस एकर होतात. मग टनेजचा अंदाज चुकतो, टोळ्या आणि वाहनांचे गणितही चुकते. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा जास्त आकडा सर्व्हरने घेऊच नये. उसाची जात हाताने टाइप करू देऊ नये, यादीतून निवडावी. नाही तर कोणी ‘को ८६०३२’ लिहितो, कोणी नुसते ‘८६०३२’, कोणी ‘नीरा’. ऊस एकच, पण संगणकाला जाती तीन!

४) दोघांनी एकच ओळ उघडली तर? समजा, गट कार्यालयात क्षेत्र दुरुस्त होते आहे आणि त्याच वेळी मुख्य शेतकी कचेरीत त्याच ओळीतली लागण तारीख बदलली जात आहे. तक्ता अख्खी ओळ जतन करीत असेल तर मागाहून ‘जतन’ दाबणाऱ्याची ओळ राहते आणि पहिल्याची दुरुस्ती गुपचूप जाते. म्हणून ओळ उघडताना जे होते तेच अजून दप्तरात आहे का, हे सर्व्हरने बघावे. नसेल तर जतन न करता ‘ही नोंद मध्ये बदलली आहे’ असे सांगावे.

५) तांबडी रेघ राखावी. जुना आकडा, नवा आकडा, कोणी बदलला, केव्हा आणि का, हे वेगळ्या तक्त्यात लिहिले जावे. त्या तक्त्याला ‘दुरुस्ती’चे बटण नसावे. वहीतली तांबडी रेघ ती हीच.

जे संगणकाला कळत नाही

आता एक चूक अशी बघा की ती कोणतीही तपासणी पकडत नाही. ८ जुलैची लागण ०८/०७ अशी लिहिली. काही संगणक अमेरिकी रीतीने आधी महिना वाचतात. त्यांना ती ७ ऑगस्ट वाटते. दोन्ही तारखा आडसालीच्या हंगामातच बसतात, म्हणून संगणक हरकत घेत नाही. इकडे लागण तारखेवरून तोडणीचा क्रम लागतो आणि आपला ऊस महिनाभर मागे पडतो. उभा ऊस वाळून वजन घटते, ते नुकसान आपल्याच पदरी. यासाठी महिना अक्षरांनी दाखवणारा किंवा यादीतून निवडायचा चौकोन करावा. पण पक्की खात्री मालकाच्याच नजरेने होते.

तेव्हा सभासदांना विनंती की, नोंद किंवा दुरुस्ती झाल्यावर ‘झाले’ एवढ्या तोंडी शब्दावर परतू नये. पान बंद करून पुन्हा उघडायला सांगावे. तेव्हा दिसेल ते दप्तरातले. त्याची छापील प्रत मागावी आणि नोंद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, जात व लागण तारीख या पाच बाबी वाचून घ्याव्यात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर न्यावे. चिटबॉयला दोष देत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटे नोंदीच्या वेळीच घालवलेली बरी. शेत आपले, ऊस आपला, तशी नोंदही आपलीच आहे.