तमाशाचा साचा आणि प्रेक्षकांचा वाद

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या जत्रेची बैठक देवळाच्या ओवरीत भरली होती. गाव कागल तालुक्यातले. वर्गणीचा हिशेब झाला, पालखीचा मार्ग ठरला आणि मग मुख्य प्रश्न निघाला : यंदा करमणुकीला तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा? ओवरीचे सरळ दोन तट पडले.

माझे आजोबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "गण न्हाई, गौळण न्हाई, तर ती जत्रा कसली? त्यापरास वरातीतला बेंजो आणा की!"

माझा चुलत भाऊ उसळून म्हणाला, "आबा, त्येच त्येच किती वर्सं बघायचं? किस्न्यानं आडवं यायचं, मावशीनं नाक मुरडायचं. समदं तोंडपाठ झालंय."

"तोंडपाठ हाय म्हणूनच बघायचं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापुरास वसतिगृहावर परतलो, तर तिथेही खोलीत लढाई जुंपलेली. विषय मात्र अगदी वेगळा. 'रेसिडेंट ईव्हिल' ही जपानच्या कॅपकॉम कंपनीची व्हिडिओ गेमची मालिका १९९६ साली सुरू झाली. कोंदट वाडा, मोजकी काडतुसे आणि अंधारात दबा धरून बसलेली जिवंत प्रेते हा तिचा मूळ नमुना. २००५ च्या चौथ्या भागाने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला आणि मारधाड वाढवली. २०१२ च्या सहाव्या भागात मारधाडच उरली, भीती पळाली, अशी ओरड झाली. २०१७ च्या सातव्या भागाने खेळणाऱ्याला पुन्हा एका भयाण घरात आणून सोडले; पण या वेळी सारे काही पात्राच्या डोळ्यांनी दाखवले. माझा एक सहाध्यायी म्हणत होता, "चौथ्या भागानंतर मालिका संपली." दुसरा म्हणत होता, "चौथा भाग नसता तर ती १९९६ मध्येच संपली असती."

मला आबांची आणि चुलत भावाची आठवण झाली. वाद तोच होता. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याने तसेच राहावे की बदलावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तमाशाच्या आधारे करण्याचा माझा प्रयत्न आहे. कारण साचा आणि नावीन्य यांची झटापट आपल्या भागात इतक्या दीर्घकाळ क्वचितच दुसऱ्या कलेत चालली असेल.

साचा म्हणजे काय?

ढोलकीफडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी हलगी-कडे आणि ढोलकी यांची सलामी. मग गण : शाहीर गणपतीला आवाहन करतो आणि मागे उभे असलेले सुरते झील धरतात. त्यानंतर गौळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. मग सोंगाड्याची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य.

हा क्रम म्हणजे निव्वळ सवय नव्हे. प्रत्येक भागाला काम आहे. गण चालू असताना माणसे जागा धरतात, पोरेबाळे गप्प होतात. गौळणीत देवादिकांची थट्टा करून प्रेक्षक मोकळा होतो. बतावणीत सोंगाड्या आजच्या गोष्टी बोलतो : सावकार, पाटील, पुढारी, महागाई. इतकी मशागत झाल्यावर वगाचे बी पडते. पुढे काय येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कसे येणार हे ठाऊक नसते. त्याची उत्सुकता या 'कसे' मध्ये असते. आबांच्या 'तोंडपाठ हाय म्हणूनच' या बोलण्याचा अर्थ मी असा लावतो.

साचा जुना किती?

जुन्याचे अभिमानी ज्याला 'मूळचा तमाशा' म्हणतात तो एका काळी घडलेला नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी (१७६२–१८१२), अनंत फंदी, होनाजी बाळा यांनी लावणी वैभवाला नेली, तेव्हा आजच्या अर्थाने वग नव्हता. सांगली जिल्ह्यातील सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो, आणि त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा सांगतात. म्हणजे ज्या वगावाचून तमाशा अपुरा वाटतो तो वग एके काळचे नवे खूळच होते!

फडावरच्या स्त्रीचेही तसेच. पूर्वी बायकांची सोंगे मुलगे घेत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांबरोबर (१८६६–१९४५) उभ्या राहिलेल्या पवळाबाईंचे नाव तमाशाच्या फडावरील सुरुवातीच्या स्त्रियांत घेतले जाते. पुढे बाईशिवाय तमाशाची कल्पनाच करता येईना. कालचा बदल आज परंपरा म्हणून मिरवतो, हे वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे.

जागा राखून केलेला बदल

मग सगळेच बदल का रुजत नाहीत? या संदर्भात अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. वाटेगावचे अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. अण्णाभाऊंनी गण काढून टाकला नाही. त्यांनी गणाची जागा ठेवली आणि त्या जागी गणपतीऐवजी मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन केले. सुरावट कानाला ओळखीची, झील ओळखीची. वंदन मात्र नवे. गिरणी कामगाराला आपण तमाशालाच बसलो आहोत ही खूण पटली, आणि मग त्याने पुढचे सारे नवे विचार ऐकून घेतले.

त्याच अण्णाभाऊंनी गौळणीला मात्र फाटा दिला. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते हे मी मान्य करतो. परंतु सलामीलाच ओळख पटवून दिल्यामुळे त्यांना पुढे एक पायरी गाळण्याची मोकळीक मिळाली असावी, असे मला वाटते. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनीही तमाशाची चौकट घेऊनच समाजप्रबोधन केले. पुढे वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) आणि आपल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे 'कथा अकलेच्या कांद्याची' ही लोकनाट्ये शहरी रंगमंचावर गाजली तीही या चौकटीच्या बळावर. व्हिडिओ गेमच्या त्या सातव्या भागानेही हेच केले : डोळे बदलले, घर ठेवले.

साच्याची किंमत

येथवर साच्याची बाजू घेतली; पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्याच कागलचे आनंद यादव यांची 'नटरंग' ही कादंबरी आणि तिच्यावरचा रवी जाधव यांचा २०१० सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. गुणाला राजाची भूमिका करायची असते. तमाशाला नाच्या पाहिजे हा साच्याचा हट्ट. ते सोंग घ्यायला कोणी पुढे येईना, म्हणून पिळदार शरीराचा गुणा स्वतःच नाच्या होतो. मग गाव हसते, घर तुटते. प्रेक्षकाला ओळखीचा आनंद मिळतो, पण त्याचे मोल फडावरचे कोणी तरी चुकते करीत असते. ज्या सवयीपायी कलावंताची माणुसकी जाते ती सवय मोडली तर कलेचे काही बिघडत नाही. म्हणून 'जुने ते सोने' हे सूत्र मी सरसकट स्वीकारू शकत नाही.

जत्रेची रात्र

अखेर बैठकीत एका मताधिक्याने तमाशा ठरला. ते मत माझे होते, म्हणून जत्रेच्या रात्री मी जरा धास्तावूनच बसलो होतो.

खेळ नऊ वाजता सुरू झाला. गणाला पोरे मोबाइल चाळत होती. गौळणीत मावशीने दोन टाळ्या मिळवल्या. आणि मग बतावणीत सोंगाड्याने आमच्या बैठकीतला वादच उचलला! कोणी त्याच्या कानावर घातला होता कोण जाणे. सरदाराने विचारले, "गावाला काय पायजे?" सोंगाड्या म्हणाला, "म्हाताऱ्यांस्नी जुनं पायजे, पोरांस्नी नवं पायजे, आन् बिदागी द्यायची म्हटली की दोघांस्नीबी उधार पायजे!" दोन्ही तट एकदम हसले. त्या क्षणी कोण जुन्याचा आणि कोण नव्याचा हे ओळखता आले नसते.

रंगबाजीत सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या. त्यात गैर काही नव्हते. चित्रपटांनी तमाशाकडून किती घेतले! अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात १३१ आठवडे चालला. घेतलेले थोडे परत आले, इतकेच. पण वग सुरू झाला तरी फर्माइशी थांबेनात. राजा दरबारात बोलतोय, मध्येच चिठ्ठी आणि गाणे. राणी वनवासाला निघतेय, मध्येच चिठ्ठी आणि गाणे. बरोबर बारा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. राजाने अजून आपल्या मुलाला ओळखले नव्हते. फडाने मुजरा केला आणि लोक उठले.

कनातीमागे मी फडमालकांशी बोललो. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, दहाला भोंगा बंद करायचा कायदा. परवानगी काढली तर बारा. गण, गौळण, बतावणी, गाणी हुस्तवर अकरा वाजत्यात. वग कवा लावू? आमच्या बापानं पाटंपातूर वग केलाय."

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी असून वर्षातील मोजक्याच दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. नियम योग्यच आहेत; आजारी माणसाला झोप हवीच. परंतु पहाटेपर्यंत चालणारा साचा तीन तासांत बसवायचा तर काही तरी कापणे भाग पडते, आणि फर्माइशीला पैसे मिळतात, वगाला मिळत नाहीत. म्हणून कात्री वगावर चालते. आम्ही ओवरीत जुने की नवे म्हणून भांडत होतो, आणि वग मरत होता तो वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबात.

घरी परतताना आबा बराच वेळ गप्प होते. मग चालता चालता त्यांनी उरलेला वग सांगायला सुरुवात केली. तो त्यांनी तरुणपणी पाहिलेला होता. राणी कुठे राहिली, मुलगा कसा वाढला, राजाने त्याला कशावरून ओळखले. मध्येच ओढ्यावर थांबून त्यांनी तंबाखू मळायला घेतली, तेव्हा ऑर्केस्ट्रावाला माझा चुलत भाऊ अंधारात म्हणाला, "आबा, मग फुडं?"

समारोप

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रेक्षक नाविन्याचा शत्रू नसतो. त्याच्या ओळखीची जागा राखली तर तिथे तो नवा पाहुणा आनंदाने बसवून घेतो. परंतु जागाच नाहीशी झाली, तर नवे मिळूनही आपले काही गेले अशी रुखरुख त्याला लागते. आणि जी जागा कलावंताच्या अपमानावर उभी आहे ती मात्र मोडलीच पाहिजे.

पुढच्या बैठकीत मी दोन सूचना मांडणार आहे : खेळ सात वाजता सुरू करावा, आणि फर्माइशी रंगबाजीतच घ्याव्यात, वग सुरू झाल्यावर एकही घेऊ नये. त्या भरपाईसाठी फडाची बिदागी वाढवावी लागेल, हे ऐकून ओवरीत पुन्हा दोन तट पडतील यात शंका नाही. चुलत भाऊ या वेळी कोणत्या बाजूला बसतो हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.