हुमणी व हिरवी बुरशी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

बुरशी म्हटली की शिळी भाकरी किंवा पिकावरील रोग एवढेच मुलांच्या डोळ्यांपुढे येते. काही बुरशी किडींचाच नाश करतात, हे त्यांस हुमणीच्या उदाहरणाने सांगावे.

मढच्या मुलांस भातखाचरे परिचित असतात. पाणी तुंबलेल्या खाचरात हुमणी सहसा टिकत नाही. मात्र पूर्वेस ओतूर-नारायणगावकडील उसाची किंवा माळावरील भुईमुगाची मुळे ती कुरतडते. वळवाचा पाऊस पडताच मे-जूनमध्ये भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. पुढे माद्या जमिनीत अंडी घालतात व त्यांतून हुमणीची अळी निघते.

या भुंगेऱ्यांच्या कुळावर वाढणारी बुरशी म्हणजे मेटारायझियम. १८७९ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने ओडेसाच्या बाजूस गव्हावरील भुंगेऱ्यांवर तिचा प्रयोग केला. तिचे बीजाणू अळीच्या अंगास चिकटतात, ओलीत रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. अळीने ते खाण्याची गरज नसते. मेलेली अळी ताठ होते. तिच्यावर प्रथम पांढरी व मग हिरवी भुकटी दिसते.

येथेच शेतकऱ्याची फसगत होते. विषारी औषधाप्रमाणे दुसऱ्या दिवशी परिणाम दिसत नाही; कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. ऊस पिवळा पडल्यावर, अळी मोठी झाल्यावर बुरशी घालून तिला निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे आहे. अळी लहान असतानाच, जमिनीत ओल असता, कुजलेल्या शेणखतात मिसळून ती मुळांशी द्यावी. कडक उन्हात बीजाणू मरतात. बुरशीनाशक औषध तिच्यासोबत देऊ नये. घरोघर हीच चूक होते. भुंगेरे गोळा करून मारण्याचे काम मात्र सोडू नये. रेशीमकिडे पाळणाऱ्यांनी अशा बुरशीपासून विशेष जपावे.

पाठानंतर शेतात सापडलेली मेलेली अळी चिमट्याने उचलून ओल्या टीपकागदावर, झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी. हिरवी भुकटी आली तर मेटारायझियमचा संशय घ्यावा. अळी काळी, लिबलिबीत व दुर्गंधीयुक्त झाल्यास कारण निराळे. झाकण मुलांनी उघडू नये, हात साबणाने धुवावेत. रोजचा बदल तारखेनिशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा, म्हणजे किती दिवस लागले हे मुले घरी सांगू शकतील.