कोप की कारण?

घटना घडली की माणूस ‘का?’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर दैवी कोपात, शापात किंवा ग्रहदशेत शोधले, तर ते विश्वसनीय ठरेल काय? आपल्या महाराष्ट्रातील एका दुर्घटनेच्या आधारे हे तपासून पाहू.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. आदल्याच रात्री गणेशविसर्जन झाले होते. अशा वेळी ‘देवाचा कोप’ म्हणणे सोपे असते. परंतु कोप असता तर त्याने दोषी आणि निर्दोष यांत भेद केला असता. येथे भक्तिभावाने विसर्जन करून झोपलेली माणसे आणि पाळण्यातील बालके एकाच ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपाने भेद केला तो घरांच्या बांधणीत. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी कोसळली; गवताच्या हलक्या छपरांच्या झोपड्या बहुतांशी तगल्या.

शास्त्रज्ञांचाही अंदाज येथे चुकला होता. भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. मात्र चूक दाखवता आली, म्हणूनच ती सुधारता आली. २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला. कोपाचे उत्तर चुकले, हे कोण आणि कसे दाखवणार? जे उत्तर चूक ठरूच शकत नाही, ते बरोबर आहे हेही कधी ठरवता येत नाही.

दावा आपल्या बाजूचा असला तरी हीच कसोटी लावली पाहिजे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. अस्पृश्यतेचे विरोधक असूनही रवींद्रनाथ टागोरांनी त्यास आक्षेप घेतला. हाच युक्तिवाद विरोधकांना गांधीजींच्याच चळवळीविरुद्ध वापरता येईल, हे त्यांनी दाखवून दिले. अस्पृश्यता हा अन्याय होता. तो सिद्ध करण्यास भूकंपाची साक्ष लागत नाही. शिवाय, पूर्वजन्मीच्या पापाचे अदृश्य कारण पुढे करूनच आपल्या पूर्वजांना त्यांची अवस्था योग्य असल्याचे शतकानुशतके सांगण्यात आले होते. अलौकिकावरील श्रद्धा जिज्ञासेचा घात करते, म्हणून ती धम्म नव्हे, असे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडले, त्यामागे हा अनुभव आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक पालक आणि माजी विद्यार्थी कारखान्यांत राबतात. पॉवर प्रेसखाली कामगाराची बोटे जातात, तेव्हा कोणी ‘साडेसाती’ म्हणतो, कोणी दाराला नवे लिंबू-मिरची बांधतो. अपघात नशिबाच्या खात्यावर लिहिला गेला, की सेन्सर बंद का होता, दोन्ही हातांनी दाबायची बटणे का नव्हती, सलग दुसरी पाळी कोणी करायला लावली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दैवाला नोटीस बजावता येत नाही आणि त्याच्याकडून नुकसानभरपाईही मिळत नाही.

प्रत्येक घटनेचे कारण तत्काळ सापडतेच असे नाही. अशा वेळी ‘अजून कळलेले नाही’ हे प्रामाणिक उत्तर होय. त्या उत्तरापुढे शोध चालू राहतो. ‘कोप’ म्हटले की तो तेथेच थांबतो. आपल्या मुलांना ‘का?’ विचारण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत न थांबण्याची सवय लागावी, ही सदिच्छा.