गाडीचा अलार्म : आधी बसवणारा पारखा



एरवी या पानावर आम्ही बेणे, खते आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. आता पुष्कळ सभासदांच्या दारी जीप किंवा मोटार आली आहे. कळमन्याच्या बाजारात नाहीतर सीताबर्डीला गाडी तासन्‌तास उभी ठेवावी लागते, म्हणून अलार्म बसवण्याकडे कल वाढला आहे. जो तो आम्हाला विचारतो, "साहेब, कोणत्या कंपनीचा घ्यावा?" आमचे म्हणणे, आधी "बसवणार कोण?" हे ठरवा.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या वापरातल्या जीपला सर्वांत कमी दर सांगणाऱ्याकडून आम्ही अलार्म बसवून घेतला. तासाभरात काम उरकले. ना पावती, ना कोणती तार कुठे जोडली त्याचा कागद. पुढे हंगामात एका रात्री एका सभासदाचा उभा ऊस पेटल्याचा निरोप आला. जळालेला ऊस लगेच तोडून गाळपाला आणावा लागतो. जितका उशीर तितकी वजनात आणि साखरेत घट. टोळी हलवायला निघालो, तर जीप सुरूच होईना. अलार्मने स्टार्टरचा प्रवाह तोडला होता, आणि तो परत चालू कसा करायचा हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. सकाळी उघडून पाहिले, तर तारा नुसत्या पिळलेल्या आणि वरची चिकटपट्टी सुटलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे असली पट्टी काय टिकणार?

म्हणून पुढील गोष्टी पाहूनच कारागीर ठरवावा.

१) जुने काम पाहा. बेणे घेण्याआधी आपण बेणेमळा पाहतो ना? तसेच दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडून अलार्म बसवलेल्या गाडीमालकांना भेटा.

२) जोडणी कशी करणार ते विचारा. शक्यतो मूळ तारा न कापता कपलरने जोडणारा बरा. जिथे सांधा येईल तिथे डाग देऊन वर नळी चढवलेली हवी. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तो नसेल आणि तार घासून शॉर्ट झाली, तर गाडी पेटू शकते. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

३) बॅटरीचा हिशेब मागा. उभ्या गाडीत अलार्म किती प्रवाह खातो, ते मीटर लावून दाखवायला सांगा. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत जवळजवळ निम्मी उतरेल.

४) कागद घ्या. पक्के बिल, लेखी हमी आणि जोडणीचा नकाशा. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात, पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक यंत्र असेल आणि ऑटोमोबाइल असोसिएशनने बसवणी प्रमाणित केली असेल, तर गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट होती. आज आपली विमा कंपनी काय देते, ते यंत्र घेण्याआधीच विचारून घ्या.

५) किल्ली सांभाळा. गाडी सोडून जाऊ नका. काम होईस्तोवर जवळ थांबा. दुसरी किल्ली घरीच ठेवा. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात.

६) पैसे देण्यापूर्वी स्वतः तपासा. दार आणि बॉनेट उघडून, काच ठोकून पाहा. रिमोट हरवला असे समजून गाडी कशी सुरू करायची, ते स्वतःच्या हाताने दोनदा करून बघा. घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्यालाही शिकवा.

चांगला कारागीर या प्रश्नांना कंटाळत नाही. जो "काही होत नाही हो, बसवून टाकू" म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी. चार पैसे वाचवण्यात आमच्याकडून त्या सभासदाच्या उसाचे दोन तास गेले. तशी वेळ आपल्यावर येऊ नये, एवढीच विनंती.