खेळांचा सूत्रधार



व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारतांच पालकांच्या कपाळावर आठी पडते आणि तुमच्या चेहऱ्यावर हसूं उमटतें, हें आम्हांस ठाऊक आहे. पालकांची चिंता अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु हे खेळ कोणी तरी रचतो, त्यांतील कथा कोणी तरी लिहितो. तो मनुष्य कोण व त्याचें काम काय, हा विचार खेळणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. तो यावा एवढ्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या नाटकांत सूत्रधार असतो, सिनेमांत दिग्दर्शक असतो. खेळाच्या दिग्दर्शकाचें नातें या दोघांशींही लागतें. तथापि त्याची अडचण निराळी आहे. नाटकांतील पात्र लिहिलेलें भाषण बोलतें व ठरल्या दाराने आंत येतें. खेळांत मुख्य पात्राची भूमिका करणारा इसम म्हणजे प्रत्यक्ष प्रेक्षकच, आणि त्यानें संहिता वाचलेली नसते! कथा उजवीकडे वाट पाहत असतां तो खुशाल डावीकडे जाईल व भिंतीवर उड्या मारीत बसेल. म्हणून या लेखकाला नायक काय करील हें लिहून भागत नाहीं. नायक काय काय करूं शकेल व त्या प्रत्येकाचें फळ काय, हें त्याला लिहावें लागतें. खेळणाऱ्यास उजवीकडे न्यावयाचें असेल तर अंधाऱ्या वाटेच्या उजव्या टोकास एक दिवा ठेवावा. पाऊल आपोआप तिकडे वळतें. हुकूम न देतां वळविणें हीच या कलेंतील खरी खुबी होय.

जपानांतील हिदेओ कोजिमा यांचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १९६३ सालचा. त्यांना लहानपणापासून ओढ सिनेमाची होती. परंतु १९८६ सालीं ते कोनामी या कंपनींत खेळ रचण्याच्या कामावर रुजू झाले. एम. एस. एक्स. २ नांवाच्या एका लहान संगणकासाठीं युद्धाचा खेळ करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तें यंत्र इतकें दुबळें कीं, पुष्कळ शत्रु व गोळ्या एकाच वेळीं पडद्यावर दाखविणें त्यास झेपेना. कोजिमांनीं त्या उणिवेलाच खेळाचा नियम केलें. लढावयाचें नाहीं, शत्रूच्या नजरेस न पडतां लपत-छपत पुढें जावयाचें! १९८७ सालच्या ‘मेटल गिअर’चा जन्म असा झाला, आणि १९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’नें त्यांचें नांव जगभर झालें. २०१५ सालीं कोनामी सोडून त्यांनीं स्वतःची संस्था काढली. २०१९ सालच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ या त्यांच्या खेळांतील नायक काय करतो म्हणाल, तर पाठीवर ओझीं बांधून उजाड मुलखांतून लोकांना सामान पोंचवितो! हमालीचें काम नायकाला देण्यास लेखकाचें धैर्य लागतें.

हें झालें जपानचें. आपल्याकडे पुष्कळ वर्षें या धंद्याचें स्वरूप मजुरीचें होतें. परदेशी खेळांतील एखादी गाडी, एखादें झाड, एखादी इमारत येथील कुशल मुलांनीं रेखाटून द्यावयाची. कथा परक्याची, नांव परक्याचें. कुर्लेकरांना ही स्थिति अपरिचित वाटूं नये. परक्यांचें कापड व आपली मजुरी हा प्रश्न गिरण्यांच्या काळींही होताच. १८८६ सालीं जमशेटजी टाटा यांनीं येथील डबघाईस आलेली धरमसी गिरणी विकत घेतली व तिला स्वदेशी हें नांव दिलें. आज तिचा भोंगा वाजत नाहीं; पण चुनाभट्टीच्या बाजूस स्वदेशी मिल हें नांव लोकांच्या तोंडीं अजून आहे.

खेळांच्या धंद्यांत तसाच एक प्रयत्न पुण्यास झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा संस्थेंत अविचल सिंग यांनीं खेळाची रचना, श्रुती घोष यांनीं चित्रकला व इयन मॉड या इंग्रज सहकाऱ्यानें इतर बाजू सांभाळली. त्यांच्या खेळाचें नांव ‘राजी’. डोंबाऱ्याच्या खेळांत कसरती करणारी राजी व तिचा धाकटा भाऊ गोलू ही अनाथ भावंडें. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो आणि बहीण त्याच्या शोधास निघते. तिच्या हातीं दुर्गेचें त्रिशूळ आहे. दुर्गा व विष्णु तिची कथा आपसांत बोलत सांगतात. वाडे व किल्ले राजस्थानी धाटणीचे, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांनीं दाखविलेले आहेत. (आपल्या कोंकणांतील पिंगुळीच्या ठाकर मंडळींकडे ही कला परंपरेनें आहे, हें किती जणांस माहीत असेल?) आम्हांस विशेष आवडली ती एक युक्ति. भावंडांच्या जुन्या आठवणी लेखकानें भाषणांतून सांगितल्या नाहींत; खेळणाऱ्यानें मंडलाचे तुकडे फिरवून जुळवावे, तेव्हां त्या उलगडतात.

हें काम सुखासुखीं तडीस गेलें नाहीं. २०१७ सालीं किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली, ती ठरल्या आंकड्यापर्यंत पोंचली नाहीं. आणि तेथील नियम असा कीं, आंकडा न गांठल्यास एक पैही हातीं येत नाहीं. मंडळींनीं तरीही काम चालू ठेविलें. ऑगस्ट २०२० मध्यें निन्टेंडोच्या यंत्रावर व ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर खेळ बाहेर पडला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्यें पहिल्याच कृतीसाठीं असलेल्या बक्षिसाच्या यादींत ‘राजी’चें नांव होतें, बक्षीस मात्र दुसऱ्या खेळास मिळालें. दोषही सांगितले पाहिजेत. खेळ कांहीं तासांतच संपतो, आणि शेवट असा अचानक येतो कीं, पुढचीं पानें फाडलेली कादंबरी हातीं आल्यासारखें वाटतें. आमच्या मतें चार लढाया कमी करून तीच मेहनत शेवटावर खर्च केली असती तर बरें झालें असतें. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत हिंदी आवाज आले.

दिवसभर खेळल्यानें खेळ रचतां येतो असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं दिवसभर जेवणारा मनुष्य आचारी होतो काय, हें स्वतःस विचारावें. या कामास गणित लागतें, रेखाकला लागते, इतिहास लागतो, आणि चार ओळींत नेमकें लिहितां येणारी भाषा तर पहिल्या प्रथम लागते. यंत्र मागाहून आलें तरी चालतें. पुढील पाठास कागद-पेन्सिल पुरे.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली व कुर्ल्यांतील वस्त्यांत पाणी शिरलें. तुमच्या जन्मापूर्वीची ही हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. मग चौकटींच्या कागदावर कुर्ला स्टेशनापासून नदीपर्यंतचा नकाशा काढा. एक मुलगी शाळेंतून न परतलेल्या धाकट्या भावाला शोधण्यास निघाली आहे. प्रत्येक वळणावर दोन वाटा दाखवा. कोणत्या वाटेवर पाणी गुडघ्याएवढें, कोणत्या वाटेवर गळ्याएवढें, कोठें दोर टाकणारा शेजारी उभा आहे, हें लिहा. तिनें वाटेंत बुडणाऱ्या अनोळखी म्हातारीसाठीं थांबावें कीं नाहीं, हें तुम्हीं ठरवूं नका. खेळणाऱ्यास ठरवूं द्या, पण दोहोंचें फळ लिहून ठेवा. आणि खेळणारा चुकला तर भावाचें काय होईल, तें मात्र नकाशा काढण्यापूर्वींच ठरवा. कागद जून महिन्यांत आमच्याकडे आणून द्यावे.