चालू नोकरीत शिफारसपत्र मागताना

नोकरी चालू असताना त्याच हॉस्पिटलकडे शिफारसपत्र मागितलं की आपण जाणार हे जाहीर झालंच म्हणून समजा. दुबईसाठी प्रयत्न सुरू केले तेव्हा मी एचआरकडे रीतसर अर्ज दिला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आयसीयूत बातमी! पुढच्या ड्यूटी लिस्टमध्ये माझ्या नावापुढे नाइटच नाइट, आणि पत्राचं विचारलं की, "सिस्टर, आधी राजीनामा द्या, मग बघू."

राजीनामा मी दिला नाही. मुलींनो, ऑफर लेटर हातात नसताना तुम्हीही देऊ नका.

पत्र अखेर मिळालं, ते दोन ओळींचं: 'कष्टाळू व प्रामाणिक.' शिवाय ट्रेनी म्हणून राबवलेले सुरुवातीचे महिने त्यातून गायब. आखाती देशांच्या लायसन्ससाठी डेटाफ्लो ही कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते. ते लोक आपला कागद थेट हॉस्पिटलकडे पाठवून खातरजमा करतात. तारीख किंवा पद जुळलं नाही की फाइल अडकते. माझी अडकली.

म्हणून अनुभवाचा दाखला आणि शिफारसपत्र वेगवेगळं मागा. दाखला एचआरचं काम. तो लेटरहेडवर हवा. पद, विभाग, रुजू तारीख, सही-शिक्का, हॉस्पिटलचा ईमेल, सगळं नेमणूक पत्राशी ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर जास्तच जपा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव आणि दाखल्यावर सासरचं, यात कितीतरी जणी खोळंबतात. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवू नका.

शिफारस त्यांच्याकडे मागा ज्यांनी तुम्हाला पेशंटजवळ पाहिलंय. मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना हँडओव्हर आटोपल्यावर एकटीने गाठलं. व्हेंटिलेटरचे पेशंट, नव्या मुलींना दिलेलं शिक्षण, असं सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी त्यात स्वतःहून भर घातली: एका रात्री पेशंटची लघवी कमी होतेय हे माझ्या लक्षात आलं आणि मी डॉक्टरांना लगेच बोलावलं होतं. त्या एका वाक्याला जे वजन आहे ते 'कष्टाळू'ला नाही.

इंग्लंडला जायचं असेल तर तिथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस मागच्या तीन वर्षांचं नोकरी-शिक्षण तपासते, म्हणजे त्या काळातल्या आधीच्या हॉस्पिटललाही फोन करावा लागेल. पडताळणीची मेल कोण बघतं, हे तिथेही विचारून घ्या. आणि निघताना नोटीस पूर्ण भरून रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी हातात घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.